एक मिलिमीटर

दुसऱ्या गियरला गाडी खरी असते.
काटा एक बारपर्यंत चढतो, जरा थरथरतो, थांबतो.
तिसरा टाकला
की मागून कुणी कॉलर धरल्यासारखी.
पॉइंट तीन. पॉइंट साडेतीन. बस.

शेजारच्या सीटवर डॉक्टर निरभवणे बाई,
मांडीवर वही, पेन्सिलीने आकडे टिपतायत.
दातांच्या डॉक्टर. सिडकोत दवाखाना.
गाडी त्यांची, हौसही त्यांचीच,
बूस्ट वाढवायची अक्कल मात्र मी दिलेली.
विल्होळीला वळताना म्हणाल्या,
"दुखतं कुठे, ते पेशंट नेहमी चुकीचं सांगतो."
मी हसलो नाही.

कारण सकाळीच चाकणला फोन करून बसलो होतो.
गांगुर्डेला. हा कंट्रोलर त्याचा,
सातपूरची कंपनी बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात
जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढलेला,
पितळी, अंगठ्याएवढा.
आत सायकलच्या बेअरिंगची गोळी,
गोळीवर स्प्रिंग, स्प्रिंगवर स्क्रू.
आवळला की टर्बोला जास्त मोकळीक,
सैल केला की कमी.
यात बिघडण्यासारखं काही नाही,
असं तोच म्हणाला होता.
"काम ढिलं केलंस," मी फोनवर म्हणालो.
तो म्हणाला, "असेल."
मागे कुठलीतरी मशीन ओरडत होती.

आता रात्रीचे नऊ. अंबडच्या शेडमध्ये एकच ट्यूब.
पलीकडच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी विझत आलेली.
स्क्रू दोन फेरे आवळला. तिसऱ्यात तेच.
दोन फेरे सैल. तेच.
कॉम्प्रेसरची हवा दिली, पाइपांना साबणाचं पाणी लावलं,
बुडबुडा एकही नाही.
बाण उलटा तर बसवला नाही ना? नाही.

मग कंट्रोलरच बाजूला काढला,
टर्बोचा पाइप सरळ वेस्टगेटच्या डबीला जोडला,
मधला माणूस वगळून,
आणि पुन्हा विल्होळी.
पॉइंट सहा. दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात सहा, चौथ्यातही सहा.
गरीब, पण प्रामाणिक.
म्हणजे टर्बो निर्दोष, डबी निर्दोष.
म्हणजे गांगुर्डे.

टेबलावर जुना पेपर, त्यावर द्राक्षांच्या औषधाची जाहिरात,
घडांच्या फोटोवर कंट्रोलर उघडला.
गोळी गोल. स्प्रिंग सरळ.
गोळीची बैठक आरशासारखी.
ढिलं काहीच नव्हतं.
बाईंनी तो मोबाइलच्या उजेडात फिरवला, तोंडात बघावं तसा.
"हे भोक कशाला?"
बाजूला, डबीच्या अंगाला, एक मिलिमीटर.
मी सांगायला लागलो,
पाय उचलला की गोळी बसते,
डबीतली हवा आत अडकते,
तिला निघून जायला वाट नसेल तर
वेस्टगेट उघडंच राहतं, आणि पुढच्या गियरला
सांगता सांगता गप्प झालो.

त्यांनी पर्समधून रूट कॅनॉलची फाइल काढली
(पर्समध्ये का असते, विचारलं नाही),
भोकात घातली, अर्धा फेरा दिला, ओढली.
टोकाला पांढरा धागा.
टेफ्लॉन टेप.

गांगुर्डे टेप वापरत नाही. त्याचे आटे नुसते बसतात.
टेप मी गुंडाळली होती, गेल्या महिन्यात,
दोन वेढे पुरे असताना पाच,
गळू नये म्हणून.

तिसऱ्यात एक बार. चौथ्यात एक बार.
बाई लिहायचं विसरून नुसत्या हसतायत,
गरवारे पॉइंटच्या लाल सिग्नललासुद्धा.

त्या गेल्यावर शटर अर्धं ओढून मी फोन घेतला.
"असेल" म्हणाला होता तो.
भांडला असता तर सोपं होतं.
रिंग जातेय.
धागा बोटाला चिकटलाय,
झटकला तरी पडत नाही.
"बोल," तो म्हणतो.