संबोधन

वर्गात आम्ही पाचजण, त्यातला एक पैलवान.
केरबा चौगुले बाकात मावत नाही.
त्याला दागिस्तानी वस्तादाची शिवी
मुळातून कळायला हवी आहे.
जया मोटवानी गांधीनगरहून येते, दोन बस बदलून,
पर्समध्ये घरच्या दुकानाचं बिलबुक.
‘ही भाषा का निवडली?’ याला फॉर्मवर दोन ओळी होत्या.
मी पहिली कोरी सोडली.
दुसरीवर लिहिलं, आवड.

हेरवाडकर बाई फळ्यावर एक अक्षर काढतात
ज्याला स्वतःचा आवाज नाही.
आधीच्या व्यंजनाला ते फक्त मऊ करतं.
केरबा म्हणाला, आमच्यात असलं काय न्हाई बाई,
आमच्यात ‘जेवलास काय’ पण
दम दिल्यागत इचारत्यात.

मग क्रियापदांच्या जोड्या आल्या.
एक करत राहण्याचं, एक करून संपवण्याचं.
पंधरा दिवस डोक्यात शिरेनात.
बापू शिरोलीच्या फाउंड्रीतून आले, बुटांत काळी वाळू,
आईला म्हणाले, टाक वाढून, खाऊन टाकतो.
मी ताटाकडे बघत राहिले.
वाढणं, वाढून टाकणं.
खाणं, खाऊन टाकणं.
उठले आणि वहीत लिहून टाकलं.

ह्याचं पुढं काय, बापू विचारतात.
ओतीव लोखंडाचा माणूस,
साचा आहे म्हणजे काहीतरी निघायला हवं.
मी म्हणते, बापू, तिकडं आगीला अगोन्य म्हणतात.
ते म्हणतात, भाजतं का तेवढंच?

आभाळ न्येबा, दार द्वेर, मध म्योद.
बर्फ स्न्येग,
आणि आपला स्नेह बहुधा त्याच धातूतला.
‘बहुधा’, बाई चष्मा काढून पुन्हा म्हणाल्या.
मूळ अर्थ, चिकटणं.
मी बर्फ पाहिलाय तो रंकाळ्यावरच्या गोळेवाल्याकडं,
गोणपाटात गुंडाळलेला,
अंगभर लाकडाचा भुसा.
कितीही धुतला तरी एखादा कण राहायचाच.

तिसऱ्या सत्रात थोडं पोलिश होतं,
शंभरातल्या वीस मार्कांपुरतं.
तेव्हा जया पहिल्यांदा वर्गात आपणहून बोलली.
तिचे आजोबा सिंधहून आले
ते वळिवड्याच्या रिकाम्या छावणीत.
आधीचे निर्वासित नुकतेच गेले होते.
बराकीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
एकीवर एक, कुणाच्या तरी पोरीची उंची,
बाजूला नाव, त्यांच्या तोंडात न बसणारं.
दोन महिने त्यांनी चुना दिला नाही.
मग दिवाळी आली.

म्हणून शनिवारी आम्ही दफनभूमीत गेलो,
बाई, केरबा, जया, मी.
बाकीच्या दोघांचं काहीतरी निघालं.
गवत गुडघ्याएवढं. एका दगडावर
चार वर्षं वयाची बोगुमिवा.
जयाच्या भिंतीवरची हीच, असं काही नाही.
भिंतीवरची वाढत होती.

हाक मारायची तर शेवट बदला, बाई म्हणाल्या.
रशियनमधून ही विभक्ती जवळपास गेली,
ह्यांनी सांभाळली, आपणही.
मला शाळेचा तक्ता आठवला,
संबोधन सगळ्यात खाली,
परीक्षेला कधी न आलेलं.

आम्ही तिघी उच्चार जुळवत राहिलो,
ते ‘ल’च्या कंबरेला आडवी काठी लावलेलं अक्षर,
वाचायचं ‘व’सारखं.
केरबा खाली बसला. कान मोडलेले, मान बैलाची.
दगडावरची माती अंगठ्यानं काढली.
बोगुमिवो, म्हणाला,
ते आवाज नसलेलं अक्षर
ह्या नावात कुठंच नव्हतं, तरी.

मग म्हणाला, जेवलीस काय गं?

बाईंनी पर्स उगाच उघडली, बंद केली.
मी घड्याळ बघितलं. सव्वा एक.
जयाची बस दीडची.