खुणेची उंची

ऑक्टोबरच्या चिकट उन्हात
आम्ही मळ्यातल्या दारोदार एकच प्रश्न घेऊन फिरलो:
पाणी कुठवर आलं होतं?
मी ट्रायपॉडमागे, एक डोळा मिटून.
काणकोणचा पुतू लाल-पांढरी पट्टी धरून,
कधी भिंतीला, कधी चौकटीला, कधी कुणाच्या फ्रीजला टेकवून.

आल्वितो शिंपी म्हणाला, आमगेर उदक येना.
त्याच्या मशीनचं पायडल गंजलं होतं
आणि घराला गिऱ्हाईक ठरलं होतं.
शेजारच्या एर्मेलिंदाबाय चवड्यांवर उभ्या राहिल्या,
हात जाईल तितका वर नेला.
हांगासर. बरयात, हांगासर.
भरपाईचा फॉर्म टेबलावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चष्मा.

दोन्ही घरांची भिंत सामाईक.
अलीकडे शून्य, पलीकडे एक मीटर ऐंशी.

बोळाच्या तोंडच्या नागवेकरांनी तर
चवथीआधीच सगळं रंगवून घेतलेलं,
इतकं निळं
की पाण्यालाही आपली रेघ सापडू नये.

रात्री कागद पसरला.
पाण्याला पृष्ठभाग एकच असतो,
माझ्याकडे अकरा जमले होते.
अशा पाण्याला किती रुंदीचं गटार द्यायचं
हे कुठल्याच कोडमध्ये नाही.

चौथ्या दिवशी जुझे पदेराच्या बेकरीत
पुतूनं पट्टीला जागा करायला पिठाचं कपाट सरकवलं.
मागे, भिंतभर, एक आडवी रेघ.
जाडसर. बदामी.
पुराच्या पाण्यात पीठ कालवलं गेलं होतं
आणि भट्टीच्या उबेनं ते तिथंच भाजलं होतं.
नखानं टोकरलं तर कड कुरकुरीत.
जुझे जवळ आला, हळू बोलला,
हें बरोवं नाकात. लायसन वता म्हजें.

मी आकडा घेतला. दोन मीटर अठ्ठ्याऐंशी, समुद्रसपाटीपासून.
नाव नाही लिहिलं. बिंदू बारा, एवढंच.
मग बाकीचं आपोआप जुळत गेलं:
पाऊस रात्री दोन चाळीसला कोसळला,
तीन दहाला पूर्ण भरती,
खाडीच्या तोंडाशी झडप बाहेरून दाबली गेली
आणि जे बाहेर जायचं होतं
ते जिन्याखालून, न्हाणीच्या मोरीतून, परत घरी आलं.

त्या रेघेवरून मोजलं तर
आल्वितोच्या मशीनचं मोठं चाक पुरतं बुडत होतं.
एर्मेलिंदाबायच्या मांडीपर्यंत, फार तर.
दोघांनाही मी हे सांगितलं नाही.
नकाशावर दोघांच्या मधून
एक सरळ निळी रेषा गेली.

निघताना सहा उंडे घेतले.
जुझेनं पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले,
कपाट पुन्हा भिंतीला लावलं.
पट्टीच्या बुडाला पीठ चिकटलं होतं.
पुढच्या तीन उंबऱ्यांवर
पुतूनं ती टेकवली तिथं तिथं
एक पांढरा चौकोन उमटत गेला,
चौथ्यावर पुसट,
मग नाहीच.