टॉलरन्स

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
ग्लास तोंडाला लावता लावता आण्णा खाली बसले,
म्हणजे पडलेच.
म्हशीवाल्यानं धार सोडून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.
ग्लास फुटला नाही. स्टीलचा होता.

आता माझ्या मांडीवर फाईल:
श्रीपती ज्ञानू चौगुले, वय चौसष्ट, पु.
खाली दोन ओळी, एक शब्द ओळखीचा नाही.
समजला तो फक्त आकडा. ई. एफ. पस्तीस टक्के.

दहावीला गणितात मला पस्तीसच पडले होते.
काठावर पास.
तरी आण्णांनी उद्यमनगरात शेडमागून शेड
पेढे वाटले, ग्रीसच्या हातानं.
त्याच हिशोबानं मी आईला फोनवर सांगून टाकलं,
पास आहेत.

मगदूम मॅडमनी कागद उलटा करून पेनानं पिशवी काढली.
"हा पेपर शंभराचा नसतो," म्हणाल्या.
"धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्यात सगळं रक्त लोटत नाही.
साठेक टक्के देतं, बाकीचं ठेवून घेतं.
यांचं पस्तीसच देतंय."

आईला मी परत फोन लावला नाही.

कमरेला यंत्र बांधून काढलेली लांबलचक पट्टी.
रात्री तीन बारा. तीन सेकंद आणि वर थोडं
काहीच नाही.
रेघ सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.
तेव्हा मी बाहेरच्या बाकावर
डास मारत असणार, किंवा झोपलेली.
खरंच आठवत नाही.

आण्णांनी चष्मा मागितला.
चाळीस वर्षं लेथवर काढलेलं बोट
ओळींवरून सरकत एका जागी थांबलं:
डावा कप्पा, अठ्ठावन्न मिलिमीटर.
"हे मला कळतंय. टॉलरन्स किती?"
"पंचावन्नपर्यंत चालतं म्हणे."
"तीन एमएम?"
वीस मायक्रॉनसाठी अख्खा लॉट परत घेणारा माणूस.
"मग हा जॉब रिजेक्टच की गं."
"गोळ्या आहेत, आण्णा. बघू म्हणाल्या मॅडम."

सलाईनचा हात जपत त्यांनी दुसरा वर केला,
अंगठा आणि बोट, मध्ये फट.
तीनचीच असणार, त्यांचा अंदाज चुकत नाही.
उजेडात धरून एक डोळा मिटून
त्या फटीतून बघत राहिले
समोरच्या पाण्याच्या टाकीकडं, मग माझ्याकडं.

"आईला काय सांगितलंस?"
"पास म्हणून."
हात खाली आला.
"मग राहू दे तसंच."