सीपीआर

आमच्याकडे सीपीआर म्हणजे दवाखाना.
पुलापलीकडचा, मोठा, सरकारी.
'सीपीआरला न्या' म्हटलं की
पुढचं गाडीवाल्याला कळतं.
एकवीस वर्षं वडणग्यात मीही तेवढंच म्हणत आले.

रात्री साडेदहा. शटर अर्धं ओढलेलं,
कंपाउंडरच्या स्टुलावर लॅपटॉप.
माझ्या लेकाच्या वयाचा कुणी पडद्यातून सांगतो,
'मॅडम, कोपर वाकतंय.'
मी दाबतेय जुनं दप्तर, आत टॉवेलची गुंडाळी.
तीस. दोन श्वास. पुन्हा तीस.

'प्रत्यक्ष शेवटचं कधी केलंत?'
मी माईक बंदच ठेवते.

गुऱ्हाळावरचे बंडा चौगुले
काहिलीशेजारी बसले ते बसलेच.
याच बाकावर आणलं होतं.
हातांना गुळाचा वास, नाडी लागेना,
आणि मी चिठ्ठी लिहिली.
एकच शब्द. अक्षर सुरेख आलं.
पोरानं घडी घालून खिशात ठेवली.
शिवाजी पुलावर उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या,
हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

'थांबू नका मॅडम, कुणी हात बदलेपर्यंत.'
इथं कोण बदलणार, बाळा?
सत्तावीस, अठ्ठावीस.
बाहेरून ट्रॅक्टर चाललाय, गाणी मोठ्यानं लावून.
दप्तराचं बक्कल तळव्यात रुततंय.