एक्केचाळीस नंबर

बिरकत अल मौजच्या चौकीवर पोलीस विचारतो, फोर बाय फोर?
मी मान हलवतो.
तो माझ्याकडे बघतो, मग डॉक्टरबाईंकडे,
मग मागच्या सीटवरच्या कागदी पिशव्यांकडे.
फुलं आहेत, बाई म्हणतात.
जा.

निझव्यातून एसी लावून निघालो होतो,
सैकच्या पठारावर मार्चातही बोटं आखडतात.
झुवैनाबाई अबाया सावरून गुडघ्यांवर बसतात.
भिंग डोळ्याला, फूल भिंगाला,
श्वाससुद्धा धरलेला, कारण श्वासानंही ते हलतं.
मी वही धरतो. ड्रायव्हरच्या कामात हे नव्हतं,
पण नुसतं गाडीत बसून किती घोरणार.

चार रकाने : नर. मादी. दोन्ही. कळत नाही.
पहिल्या वर्षी मला चौथाच बरा वाटायचा.

फूल म्हणावं तर पाकळी नाहीच.
तांदळाच्या कणीएवढं, पिवळट हिरवं,
शेजारून गेलात तरी झुडूप फुललंय हे कळायचं नाही.
बाई भिंग माझ्याकडे देतात. बघ.
आत आठ परागकोश, खेटून,
कॅम्पात एका परातीभोवती बसतो तसे आम्ही.
हा नर.
आणि पलीकडच्या झुडपात, परागकोश नाहीत,
एकच बारीक काडी बाहेर काढलेली,
ताणून, वाऱ्याच्या बाजूला.
रंग नाही, मध नाही, माशीला बोलावणं नाही.
वारा आला तर आला.

बाई हिला शहस म्हणतात.
मी पहिल्यांदा पान चुरडलं, बोटाला चिकटलं,
आणि मराठीतच ओरडलो, अहो ही तर जखमी!
आमच्या आटपाडीकडे बांधावर असते,
शेळी तोंड लावत नाही म्हणून लावतात,
मुका मार लागला की पाला गरम करून बांधतात.
तिच्या आडोशाला लपलो, तिच्या फोकांचा मार खाल्ला,
पण ती बाई की बुवा,
हे बघायचं असतं असं कुणी सांगितलंच नाही.

सात, मादी. आठ, मादी.
बारा, नर, कड्याच्या टोकाला एकटाच,
खाली बनी हबीबची सोडून दिलेली घरं,
छपरं नसलेली, दारं मात्र शाबूत.
तेवीस, चरून गेलं गाढव, कळत नाही.

मग एक्केचाळीस.
दोन वर्षं नर. अक्षर माझंच.
आणि आता फांदीभर फळं, तीन पंखांची,
तांबूस, कागदासारखी वाजणारी.
मी म्हणालो, चुकलं असेल माझं.
बाईंनी पत्र्याचा बिल्ला पुसून आकडा वाचला.
जुन्या पिशव्या काढल्या, वाळकी फुलं तळव्यावर ओतली,
बराच वेळ बघत राहिल्या.
नाही, म्हणाल्या, तू बरोबर लिहिलं होतंस.
मग हे?
आमच्या मोडक्या अरबी-हिंदीत खांदे उडवायला शब्द लागत नाही.
कुणालाच नीट माहीत नाही, म्हणाल्या.
पाऊस नसतो. कधी आजूबाजूला कुणी नसतं.

काल रात्री फोनवर सुनंदा सांगत होती,
बोअरची मोटर तिनंच उतरवली, दोन गडी घेऊन,
आणि पोराच्या फॉर्मवर वडिलांच्या जागी सहीही तिनंच ठोकली.
गुरुजी काही बोलले?
कशाला बोलतील, म्हणाली, तू काय जेवलास?
पिठलं केलं होतं मी, सात जणांसाठी. थोडं करपलं.

मी खोडायला पेन टेकवलं तर बाईंनी हात धरला.
खोडायचं नाही. जुनं खरं होतं.
खाली लिही, तारीख घाल.
रकाना पुरेना, मग समासात लिहिलं :
मागं नर होता. यंदा फळ धरलंय.
मराठीतच लिहिलं गेलं. राहू दे, म्हणाल्या.

उतरताना पहिला गिअर,
ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही हा इथला नियम.
गुडघा दुखतोय म्हणून खिशात मूठभर पाला घेतलाय,
आणि हात इतका चिकट झालाय
की गिअरचा दांडा सोडता सोडवत नाही.