शेऱ्याचा रकाना

रास अल खैमा. अल नखीलच्या मागची गल्ली,
लाँड्री आणि चहावाल्याच्या मध्ये माझं टायपिंग सेंटर:
एक टेबल, दोन कीबोर्ड,
गळक्या एसीखाली पेंटची बादली.
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं टाइप करतोय.
मेडिकलचा फॉर्म डोळे मिटून भरतो,
रक्ताचा नंबर कुठे, एक्स-रेचा कुठे.
'अनफिट' आलेली माणसंही इथेच बसलीत.
कागदाची बारीक घडी घालून खिशात ठेवतात
आणि विचारतात,
चहाचे किती झाले?

आज त्याच खुर्चीवर मिस्बा.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, पुढच्या महिन्यात वॉर्डवर पहिली ड्युटी.
तिनं यादी समोर सरकवली.
मला वाटलं, हिच्यात काय असणार
जे मी हजारदा भरलेलं नाही.

होतं की.
मास्क चेहऱ्याला बसतो का, त्याची परीक्षा:
डोक्यावर टोपडं, आत कडू फवारा,
कडू लागलं तर नापास.
(पोरगी सांगताना हसत होती. मला मात्र
उगाच घशाशी आलं.)
पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला.
पांढरे बूट, वर भोक नको.
नखं बोडकी, हातावर मेंदी नको,
आणि चुलत बहिणीचं लग्न परवाच झालेलं.
चार दिवस लिंबू घासतेय,
तळव्यावरचा मोर अजून उडत नाही.

आणि काविळीच्या लसीचं रक्त.
आकडा दहाच्या वर हवा. हिचा आला चार.
नावातली चूक मी सुधारू शकतो,
जन्मतारीख उलटी पडली तर सरळ करतो,
पण चाराचे दहा
कुठल्याच कीबोर्डवर होत नाहीत.
दंड पुढे कर, पुन्हा टोच, पुन्हा थांब.
'तोवर जुन्या लसींचा पुरावा आणा,'
कॉलेजातली बाई म्हणाली.

दाभोळला मेहुण्यानं तीन ट्रंका उपसल्या.
इलियासनं रात्री फोटो पाठवला:
पिवळं कार्ड, कोपरा उंदरानं खाल्लेला,
निळ्या शाईत नर्सबाईंचं गिचमिड अक्षर.
पोलिओ. त्रिगुणी. गोवर, नववा महिना.
मी स्क्रीन मोठी करून एकेक तारीख
इंग्रजीत उतरवत गेलो.
तेव्हा मी इथेच होतो, ह्याच गल्लीत,
दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या खुर्चीवर.

गोवरापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय:
'मुलगी रडली नाही. आई रडली.'

फरीदाला फोन केला.
म्हणाली, डोळ्यात कचरा गेला असेल,
तिथं वारा किती असायचा.
मग थोडा वेळ काही बोलली नाही,
मागे कुकरची शिटी झाली.

शिक्का मारणारा कुरियाकोस पान वाचून म्हणाला,
ही ओळ काढ भाई,
हॉस्पिटलला ह्याचं काय?
त्याचं बरोबरच आहे.
मी ओळ निवडली. निळी झाली.
बोट डिलीटवर ठेवलं,
आणि गिऱ्हाईक आलं, व्हिसा रिन्यूवालं,
त्याचं करत बसलो.
नंतर तशीच छापली.
कुरियाकोसनं चष्म्यावरून पाहिलं,
शिक्का मारला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

रात्री शटर अर्धं ओढून मिस्बा म्हणाली,
अब्बा, हात द्या, उद्या प्रॅक्टिकल आहे.
दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळावर.
तळव्यावर फिकट नारिंगी मोर.
मी म्हटलं, अगं, तुझ्या कार्डावर...
'बोलू नका. मोजताना बोलायचं नसतं.'

एकवीस वर्षांत किती वेळा माझं रक्त घेतलं,
श्वास रोखून किती काचांना छाती लावली,
दर वेळी शेवटी शिक्का.
ही नुसतीच मोजत होती.
बादलीत थेंब पडत होते
आणि मी गप्प बसलो,
मिनिट होऊन गेलं तरी.