ओळ तीनशे अकरा ते तीनशे सोळा

गेल्या सत्रात माझ्या प्रकल्पावर कुणीतरी लिहिलं होतं,
‘छान. अजून सुधारता येईल.’
हे तर कुणाच्याही लग्नातल्या जेवणाला म्हणता येतं.
म्हणून या खेपेला ठरवलं,
तोंडदेखलं काही लिहायचं नाही.

माझ्या वाट्याला किप्रुतो आला.
केरिचोच्या चहाच्या डोंगरातला मुलगा.
किसुमूत येईपर्यंत त्यानं पाणी पाहिलं ते
बादलीत, नाहीतर आभाळातून पडताना.
आणि विषय घेतला आमचं सरोवर:
एका किनाऱ्यावर वर्षभरात उतरलेली ओमेना,
रोजचे किलो, म्हाताऱ्या ओबुयाच्या वहीतून.

ती वही मी ओळखते.
तिच्या पुठ्ठ्याला खवले चिकटलेत.

आधी चांगलं लिहिलं, आणि ते खरंच चांगलं होतं:
एकक तू कुठेही विसरला नाहीस.
उभा अक्ष शून्यापासून घेतलास,
घसरण फुगवून दाखवायचा मोह टाळलास.
ओबुयाचं अक्षर लागलं तुला,
याचे गुण वेगळे मिळायला हवेत.

मग ती सत्तर शून्यं.

किप्रुतो, वहीत तिथं शून्य नाही.
वहीत तिथं काहीच नाही.
शून्य म्हणजे जाळं टाकलं
आणि नुसतं ओलं जाळं वर आलं.
रिकामं म्हणजे जाळं टाकलंच नाही.
ओमेना कंदिलाला भुलते.
पौर्णिमेच्या आगेमागे सगळं पाणीच उजळलेलं,
तेव्हा कंदिलाला कोण विचारतं?
होड्या वाळूवर पालथ्या. माणसं जाळी सांधतात,
भांडतात, केस कापून घेतात.
दर महिन्याला तुझ्या आलेखात जो खड्डा पडतो
तो चंद्र आहे.
शून्यं काढ. सरासरी दोनशे एक्केचाळीसवरून
दोनशे अठ्ठ्याण्णववर जाईल.

सत्तरातली चौसष्ट चंद्राची.
उरली सहा.
ओळ तीनशे अकरा ते तीनशे सोळा, नोव्हेंबर,
ऐन काळोख्या रात्री,
जेव्हा आमचा किनारा चांदीनं भरायला हवा.
आणि नेमकं या सहांवर तुझं शेवटचं वाक्य उभं:
‘वर्षाअखेरीस मासा संपत आला आहे.’

कारण, असं टाइप केलं आणि बसून राहिले.
मागच्या रांगेत कुणी भाजलेलं कणीस खात होतं.
‘ओगुटू’ लिहिलं. खोडलं.
‘माझा भाऊ’ लिहिलं. खोडलं.
त्या नमुन्यात प्रश्न विदेबद्दल होते,
शेरा देणारीबद्दल एकही नव्हता.
शेवटी लिहिलं:
‘याही जागा रिकाम्या ठेव.
होड्या बाहेर पडल्या नाहीत.’
आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो छापील आलेख घेऊन आला.
रेघ जागोजाग तुटलेली,
शेवटचं वाक्य काढून टाकलेलं.
‘चंद्राचं कळलं,’ म्हणाला, ‘पण इथं तर अंधार होता.
मग होड्या का नाही गेल्या?
टिपेत काय लिहू?’

प्रश्न बरोबर होता.
मीही हाच विचारला असता.
चूक माझ्या शेऱ्यात होती.

‘ते खोड,’ म्हटलं.
‘होड्या गेल्या होत्या. सगळ्या गेल्या होत्या.
जाळी नेली नव्हती.’

तो कागदाकडे बघत राहिला.
मग त्याचं बोट सरकत तीनशे सतराव्या दिवसावर गेलं,
तिथं आकडा पुन्हा सुरू होतो. शहाऐंशी किलो.
‘म्हणजे सहाव्या दिवशी...’
‘हो.’

बाहेर बोडा-बोडावाले गिऱ्हाइकावरून ओरडत होते.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
मोकळ्या जागेखाली बारीक अक्षरात लिहिलं,
‘होड्या गेल्या, जाळ्यांविना’,
आणि कागद माझ्याकडे वळवला,
बरोबर आहे ना, अशा नजरेनं.

मी दोनदा वाचलं.
‘तारीख घाल,’ म्हटलं.